उदबनच्या भिंतीवरचा इतिहास

आमच्या घरात नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका बैठकीत पुरतं जेवण केल्याचं मला आठवत नाही. घास हातात असायचा आणि बावर्चीखान्याच्या दारावरच्या फळीवर एखादी घंटा वाजायची. त्या घंटा इंग्रजाच्या काळातल्या. प्रत्येक खोलीतून एक तार भिंतीच्या कडेने यायची आणि तिच्या टोकाला पितळी घंटा लोंबायची. सात खोल्या, सात घंटा, प्रत्येकीचा आवाज वेगळा. चार नंबरची घसा बसल्यासारखी वाजायची, एक नंबरची नुसती किणकिणायची. आमची खोली बावर्चीखान्याच्या मागे, चाकरांच्या ओळीत होती, मध्ये फक्त एक अंगण. नाना मान वर करून घंटा ओळखायचे, हात धुवायचे आणि जायचे. माय त्यांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घालून ठेवायची. त्या पालथ्या ताटाखालची भाकरी ते परत आल्यावर कधी ऊन असायची नाही. दुनियेला गरम वाढणारा माणूस घरी गार जेवायचा, आणि त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. ती मी करायचे. अजूनही करते, हे आता लिहायला बसल्यावर माझ्या लक्षात येतं.

हॉटेलचं खरं नाव वुडबर्न. धुळ्यात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. टांगेवाल्यांपासून कलेक्टर कचेरीतल्या शिपायांपर्यंत सगळे त्याला उदबन म्हणायचे. आग्रा रोडच्या कडेला, चिंचेच्या झाडांमागे, लांब व्हरांड्याची एकमजली इमारत. खानदेशचा कापूस विकत घ्यायला आलेल्या एका इंग्रज दलालाने ती बांधली. त्याच्या बायकोला इथला उन्हाळा सोसला नाही, ती परत गेली. एकट्याला एवढं घर खायला उठलं म्हणून म्हणा किंवा हिशेबी माणूस म्हणून म्हणा, त्याने आग्रा रोडवरून येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबलोकांसाठी खोल्या उघडल्या. तो देश सोडून गेला तेव्हा टेबलं, पलंग, आंघोळीचा चिनीमातीचा टब आणि घंटांसकट सगळं आबाशेठच्या वडिलांनी घेतलं. त्यांची कापसाची जिनिंग होती. मी वाढले ती आबाशेठच्या राज्यात. तेव्हा साहेबलोक नव्हते, पण बदलीवर आलेले अधिकारी, मुंबईहून इंदूरला मोटारीने जाणारे व्यापारी, क्वचित एखादा गोरा प्रवासी, असे लोक उतरायचे. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. त्यांवर बसायची आम्हाला मनाई आहे असं कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही कधी बसलोही नव्हतो.

नाना त्या हॉटेलचे खानसामा. नाव श्रावण, पण पाहुण्यांना ते नुसते खानसामा म्हणूनच ठाऊक. भांडी घासायला म्हणून ते तिथे लागले आणि गोव्याच्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली सगळं शिकले. मटणाचं कटलेट, वाटाण्याचं सूप, साखर करपवून केलेलं अंड्यांचं पुडिंग. ते पुडिंग ताटलीत उलटं करताना ते श्वास रोखून धरायचे, आणि ते न मोडता उतरलं की नाकाने हळूच श्वास सोडायचे. घरी मात्र मायचं राज्य. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, हिवाळ्यात भरीत, उन्हाळ्यात अंगणातल्या खाटेवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या. बावर्चीखान्यातून लोण्याचा आणि व्हॅनिलाचा वास यायचा, आमच्या चुलीवरून लसणाच्या फोडणीचा, आणि अंगणात मधोमध दोन्ही वास एकमेकांत मिसळायचे. मी तिथे दगडावर बसून अभ्यास करायचे. कॉलेजात मी इंग्रजी घेतलं त्याचं कौतुक नानांना इतकं होतं, की ते माझी पुस्तकं हात धुतल्याशिवाय उचलायचे नाहीत.

आम्ही कोण, हे उदबनमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आमच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धपौर्णिमेला माय खीर करून ओळीतल्या सगळ्या घरांना द्यायची. आबाशेठना माहीत होतं, त्यांच्या वडिलांनाही होतं. पाहुण्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यांना कुणी सांगितलं नाही. खानसामा म्हटलं की कुणाला तो मुसलमान वाटायचा, कुणाला गोव्याचा किरिस्ताव. पांढरा कोट आणि पांढरी टोपी घातली की नाना नुसते खानसामा व्हायचे. इतकी वर्षं ते असं चाललं होतं, आणि कुणी काही लिहून ठेवलं नसतं तर आणखी बरीच वर्षं चाललं असतं.

लिहिलं मी. त्याचीच ही हकिगत.

आबाशेठचा मुलगा किशोरभाऊ मुंबईला शिकून आला होता. हॉटेल जुनं आहे हेच त्याचं भांडवल आहे, असं त्याच्या डोक्यात आलं. तिकडे मोठ्या हॉटेलांत म्हणे इमारतीचा इतिहास काचेच्या चौकटीत लावतात. त्याने मला बोलावून सांगितलं, की इंग्रजीत एक पान लिही, तुझं अक्षर छान आहे, छापल्यासारखं, तेच आपण जेवणाच्या दालनात लावू. मी हरखले. आतापर्यंत उदबनच्या कामात माझा हात लागला होता तो वाटाणे सोलण्यापुरता.

पंधरा दिवस मी नानांच्या मागे लागले. दुपारी जेवणं उरकली की ते मागच्या पायरीवर बसून चिलीम ओढायचे, तेव्हा मी त्यांना विचारायचे. ते बोलणारे नव्हते. पण एका दुपारी त्यांनी सांगितलं, की या इमारतीच्या पायाचे दगड लळिंगच्या बाजूने आले, बैलगाड्यांनी रस्त्यापर्यंत आणि तिथून माणसांच्या डोक्यावर. ती माणसं महारवाड्यातली. त्यांत माझे आजोबा होते. इमारत उभी राहिली त्या दिवशी साहेबाने सगळ्यांना गूळ वाटला, पण व्हरांड्याच्या खालीच उभं करून. आजोबा पुढे म्हातारे होऊन मेले, पण ज्या जोत्याचे दगड त्यांनी वाहिले होते, त्यावर कधी चढले नाहीत. नाना चढले ते मागच्या दाराने. हे त्यांनी रडून सांगितलं नाही. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगितलं आणि चिलीम झटकली.

मी ते लिहिलं. इंग्रज दलाल, त्याची बायको, आंघोळीचा टब, घंटा, आबाशेठचे वडील, सगळं लिहिलं, आणि शेवटी एक परिच्छेद. या इमारतीच्या पायाचे दगड महारवाड्यातल्या माणसांनी वाहिले. त्यांतल्या एकाचा मुलगा श्रावण आज या हॉटेलचा मुख्य खानसामा आहे आणि तुम्ही जे जेवता ते त्याच्या हातचं आहे. एवढंच. मला ते फार सुंदर वाटलं होतं. पाहुणे वाचतील आणि नानांना भेटायला आत येतील असंही वाटलं होतं. अठरा वर्षांचं माणूस काय काय समजून बसतं.

कच्चा कागद आबाशेठनी मागून घेतला. त्यांनी तो दोनदा वाचला, खिशातली पेन्सिल काढली आणि शेवटच्या परिच्छेदावर एक आडवी रेघ ओढली. रागाने नाही. ते सज्जन गृहस्थ होते. मी आजारी पडले तेव्हा त्यांनी आपली मोटार दिली होती, हे मी विसरलेली नाही.

"खोटं काही लिहायचं नाही, सुमन," ते म्हणाले. "पण खरं सगळंच लिहावं असंही नसतं. श्रावणचंच नुकसान होईल."

मी घरी येऊन नानांना सांगितलं. मला वाटलं, ते निदान गप्प तरी बसतील. ते म्हणाले, आबा सांगतात तसं कर. आणि पुडिंगची साखर चुलीवर होती म्हणून उठून गेले. त्या दिवशी मला आबाशेठपेक्षा नानांचा राग आला. आपल्या बापाचं नाव पुसायला दिलं यांनी, असं मनात आलं. जाड कागद आणला, बोरू नीट तासला, आणि शुद्ध प्रत लिहिताना रेघ मारलेला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला. किशोरभाऊने प्रत हातात घेतली, अक्षर पाहून खूश झाला, न वाचता सरळ चौकटवाल्याकडे पाठवली. तिसऱ्या दिवशी ती जेवणाच्या दालनात, घड्याळाखाली लागली. आबाशेठच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. कच्चा कागद त्यांनी खिडकीशी धरून वाचला होता, चौकटीकडे त्यांनी लांबूनच पाहिलं आणि मान हलवली.

काहीच झालं नाही. महिना गेला. पाहुणे येत होते, चौकटीखाली बसून जेवत होते. इंग्रजीतलं ते पान बहुतेक जण दोन ओळी वाचून सोडून द्यायचे. माझ्या मनातली धाकधूक गेली, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही झाली.

मग वैशाखात एक वऱ्हाड उतरलं. मुलाकडची मंडळी बाहेरगावची, मोठी, घरंदाज. लग्न धुळ्यातल्या एका कार्यालयात होतं, पण आदल्या दिवशीचं दुपारचं जेवण उदबनमध्ये. त्यांच्या सांगण्यावरून सगळं शाकाहारी, सगळं घरगुती. नाना पहाटेपासून चुलीशी होते. फौजदारी डाळ, भरली वांगी, पुऱ्या, श्रीखंड. शिवाय त्यांनी आपण होऊन नवऱ्या मुलासाठी बिनअंड्याचं पुडिंग करून पाहिलं होतं. अंगणात सनईवाले आणि बँडवाले झाडाखाली बसले होते. उन्हाने कावळेसुद्धा बोलत नव्हते.

पहिली पंगत बसली. टेबलांवर ताटं वाढली गेली होती, आणि नवऱ्या मुलाचे काका, ते वकील होते, जागा मिळेपर्यंत उभे राहून भिंतीवरचं वाचत होते. मी बावर्चीखान्याच्या दारातून त्यांची पाठ पाहत होते. ते शेवटपर्यंत वाचत गेले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा शेवटचंच वाचलं. वाढप्याला हाक मारून विचारलं, की श्रावण म्हणजे कोण, आज स्वयंपाक त्यानेच केलाय का. वाढप्या काय सांगणार, हो म्हणाला. काका थोरल्या भावाच्या खुर्चीशी वाकून दोन वाक्यं बोलले. थोरल्या भावाने पुरी तोडलेली होती. ती त्यांनी ताटात ठेवली, आणि उठले.

आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. कुणी आवाज चढवला नाही. एकामागून एक खुर्च्या सरकल्या. बायकांनी मुलांचे हात पुसले. आबाशेठ धावत आले, हात जोडले, त्यांना नेमकं काय झालंय ते कळेना. काकांनी फक्त भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, "तुम्हीच लिहून लावलंय, शेठ. आम्ही काय बोलायचं?"

अर्ध्या तासात मोटारी निघून गेल्या. दालनात भरलेली ताटं तशीच होती, श्रीखंडावर माशी बसू नये म्हणून पंखा फिरत होता. आत नाना भिंतीला टेकून उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी पातेली एकेक करून झाकली, टोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली. थोड्या वेळाने बँडवाल्यांतला म्हातारा मागच्या दाराशी आला. म्हणाला, दादा, आमचं जेवण या वऱ्हाडाबरोबरच ठरलं होतं. काय झालं ते त्याला कळलेलं होतं, अंगणभर कळलं होतं. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पातेल्यांवरची झाकणं पुन्हा काढली. लाल कोट घातलेली ती अकरा माणसं अंगणात चिंचेच्या सावलीत ओळीने बसली आणि नानांनी त्यांना स्वतः वाढलं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, काही उरेनासं होईपर्यंत. पुडिंग काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते पुरीबरोबर खाल्लं.

आबाशेठनी मला बोलावलं नाही. नानांनाच बोलावलं, दुसऱ्या दिवशी. काय बोलणं झालं ते मायकडून कळलं. राजस्थानातून स्वयंपाकाला नवा महाराज येणार होता. नानांनी बाग पाहायची, कोठी पाहायची. खोली तीच, पगार तोच. आबाशेठच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. मी नानांना सांगितलं, की तो परिच्छेद चुकून राहिला, उतरवताना लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "व्हस तसं." होतं असं, एवढंच. माय मात्र पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुनं अक्षर चांगलं शे ना, तेच नडनं."

तीन आठवडे नानांनी बागेला पाणी घातलं. त्या तीन आठवड्यांइतकी थकलेली मी नंतर कधीच झाले नाही. दोन बाळंतपणं, तीस वर्षांची शिक्षिकेची नोकरी, नवऱ्याचं आजारपण, सगळं होऊनही नाही. घंटा वाजली की नानांच्या हातातली झारी थबकायची. मान वर व्हायची, ओठ हलायचे, चार नंबर. मग आतून दुसऱ्याच कुणाची पावलं वाजायची आणि ते परत क्रोटनला पाणी घालायला लागायचे. ताटावर ताट पालथं घालायची आता गरज नव्हती. ते गरम जेवत होते, आणि अर्धी भाकरी टाकून उठत होते.

चौथ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच ठरवलं. जळगावला आपल्या समाजातल्या काही मंडळींनी खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं, तिथे स्वयंपाकी हवा होता. आम्ही एका मालमोटारीत भांडी, खाट आणि फोटो घालून निघालो. आबाशेठ बाहेर आले नाहीत. किशोरभाऊ फाटकापर्यंत आला, त्याने फाटक उघडलं आणि मालमोटार रस्त्याला लागेपर्यंत ते धरून उभा राहिला. भिंतीवरची चौकट वऱ्हाड गेलं त्याच संध्याकाळी उतरवली होती. तिचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

जळगावच्या त्या वसतिगृहात नानांनी एकोणीस वर्षं स्वयंपाक केला. डाळ, भाकरी, रविवारी शेवभाजी. मुलं रावेरकडची, पाचोऱ्याकडची, धरणगावची. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीने रडणारी आणि दुसऱ्या वर्षी चौथी भाकरी मागणारी. ती सगळी त्यांना नाना म्हणायची. त्यांतले काही आता मोठ्या जागी आहेत. पुडिंग मात्र त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. एकदा माझ्या मुलीने फार हट्ट धरला तेव्हा म्हणाले, की प्रमाण विसरलो. ते खोटं होतं. प्रमाण विसरणारा तो माणूस नव्हता.

मधे बरीच वर्षं बंद पडलेलं उदबन आता पुन्हा उभं राहिलंय. नव्या मालकांनी चिंचा ठेवल्या आहेत, घंटा घासून लख्ख केल्या आहेत, मागे चाकरांची ओळ होती तिथे पोहण्याचा तलाव आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडच्या एका मुलीचा मला फोन आला. फार गोड बोलत होती. म्हणाली, आजी, आम्ही हॉटेलचा इतिहास तयार करतोय, पाहुण्यांना अशा खऱ्या गोष्टी फार आवडतात, तुमच्या वडिलांवर एक परिच्छेद द्याल का? मी म्हटलं, बघते. तिने नंतर दोनदा आठवण केली. माझे गुडघे दुखतात, जळगावचा उन्हाळा आता सोसवत नाही, आणि तो एक परिच्छेद मला पुन्हा लिहवत नाही. तिला मी अजून काहीच पाठवलेलं नाही. त्याऐवजी हे प्रकरण लिहिते आहे, त्यात कुणाला काही कमी करता येणार नाही.

नानांना मी खरं सांगितलं ते फार उशिरा. ते अंथरुणाला खिळले होते, मी शाळेतून येऊन त्यांच्यापाशी बसायचे. माय तोपर्यंत गेली होती. एका दुपारी मी लसूण सोलत होते आणि ते छताकडे पाहत पडले होते. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं. नाना, ते चुकून राहिलं नव्हतं. मी मुद्दाम लिहिलं होतं. तुमची चूल माझ्यामुळे गेली.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. चौकट लागली त्याच दिवशी त्यांनी चार नंबरमध्ये उतरलेल्या एका मास्तरांकडून ते पान वाचून घेतलं होतं. शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली होती. मास्तर म्हणाले होते, हे काढून टाका, त्रास होईल. त्यानंतर महिनाभर, रोज सकाळी दालन झाडून झालं, की नाना एकटेच तिथे जाऊन टेबलं मांडत होते.

मी विचारलं, मग तुम्ही ते काढलं का नाही.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. इतकं साधं मला कसं कळत नाही, अशा नजरेने पाहिलं.

"काढानं ऱ्हातं तं काढी टाकतू, सुमन. मना हात पोचत व्हता तठे."